माझी पाठ खिडकीकडे

मी एक जुना उंचीमापक आहे. विमानात वैमानिकांच्या समोर गोल तबकड्यांची रांग असते, त्या रांगेतला मी एक. विमान किती उंचावर आहे ते मी काट्यानं दाखवायचो. मित्रांनो, आता मी कुणाला उंची दाखवत नाही. बीड जिल्ह्यात, घाटनांदूरच्या पलीकडे, वाघदरवाडीत वत्सलाबाईंच्या घरी एका फळीवर बसून असतो. माझ्या काचेला तडा गेलेला आहे. त्या तड्याच्या एका बाजूला शंभराचा आकडा आहे आणि दुसऱ्या बाजूला हजाराचा.

माझा जन्म कुठं झाला, कुणी मला घडवलं, हे तुम्हाला सांगायला हवं. पण त्या कारखान्यातलं मला एवढंच आठवतं की तिथं फार शांत होतं, आणि मला घडवणारी माणसं श्वास रोखून काम करायची. त्यामुळे मी माझी गोष्ट पाठीपासून सुरू करतो.

*

माझी पाठ.

विमानाच्या पुढच्या भागात मोठी काच असते. तिच्यातून आभाळ, डोंगर, नद्या, गावं, सगळं दिसतं. त्या काचेच्या खाली आम्हा तबकड्यांना बसवतात. तोंड वैमानिकांकडे, पाठ काचेकडे. मी हजारो वेळा उडालो आणि ज्या आभाळाची उंची सांगायचो ते आभाळ मी एकदाही बघितलं नाही.

मी माणसांचे चेहरे बघायचो. विमानाचं नाक खाली झुकलं की त्यांचे जबडे आवळायचे, चाकं जमिनीला टेकली की सैल पडायचे. बाहेर काय आहे ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. त्यांनी काळे चष्मे घातले असले तर आणखी चांगलं दिसायचं, कारण चष्म्याच्या काचेत सगळा मुलूख छोटा होऊन उतरायचा. माझं बाहेरचं जग तेवढंच.

*

माझं पोट.

माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी आहे. तिच्यातली हवा काढून घेतलेली आहे. विमान वर चढलं की भोवतालची हवा हलकी होते, डबीवरचा दाब कमी होतो आणि ती फुगते. खाली आलं की ती दबते. तिच्या फुगण्या-दबण्यावर माझा काटा फिरतो.

म्हणजे बघा, उंची मला मोजताच येत नाही. मी हवेचं वजन मोजतो आणि त्याला उंची म्हणतो.

हवा तर रोज वेगळी. सकाळी जड, दुपारी हलकी, आणि वावटळ उठायची असली की आणखीच हलकी. मी जागचा न हलता नुसती हवा हलकी झाली तरी मला वाटतं, आपण वर चढलो. हा माझा दोष नाही, माझा स्वभाव आहे. माझ्या घडवणाऱ्यांना तो ठाऊक होता. म्हणून त्यांनी माझ्या तोंडावर आकड्यांचं एक लहानसं घर केलं आणि खाली एक बटण बसवलं. जिथं उतरायचं तिथल्या माणसानं वायरलेसवर सांगायचं, आमच्याकडे हवेचा दाब आत्ता एवढा आहे. वैमानिकानं बटण फिरवून तो आकडा माझ्या घरात आणायचा. मग मी खरं बोलतो.

मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या बटणावर आहे.

*

कॅप्टन रेगे उजव्या हाताच्या बोटानं माझ्या काचेवर हलकेच टिचकी मारायचे. "काय आजोबा, बरंय ना?" मग विमान सुरू करायचे.

ते चांगले वैमानिक होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोकांनी त्यांच्याबद्दल पुष्कळ वाईट बोलून घेतलं. एका पावसाळ्यात कोकणाच्या बाजूला आम्ही ढगात सापडलो होतो. बाहेर काळंकुट्ट. अशा वेळी माणसाचं शरीर खोटं बोलतं. विमान वळत असतं आणि कानाला वाटतं की सरळ चाललंय. शेजारी बसलेला नवा वैमानिक ओरडत होता की आपण पडतोय. रेगे त्याला म्हणाले, "तुझ्या पोटावर विश्वास ठेवू नकोस, याच्यावर ठेव." आणि माझ्याकडे बोट केलं. त्या दिवशी आम्ही सगळे जिवंत उतरलो. उतरल्यावर रेग्यांनी रुमालानं माझी काच पुसली.

माझं कौतुक झालं. एकदा झालं, पुन्हा झालं. रेगे नव्या पोरांना सांगायचे, "बाहेर बघून विमान चालवायचे दिवस गेले. आत बघा." हळूहळू त्यांनी बाहेर बघणंच कमी केलं. मला तेव्हा अभिमान वाटायचा. कोणाला नाही वाटणार?

*

आता त्रिंबक.

तो सहवैमानिक म्हणून आमच्याकडे नवीन आला तेव्हा पहिल्याच दिवशी रेग्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"वाघदरवाडी. घाटनांदूरजवळ, सर."

"तिथं आपली धावपट्टी आहे ना?"

"हो सर. माझ्या आईनं केलीय."

रेगे हसले. त्यांना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. पण ते खरं होतं. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं लोकांना काम द्यायचं म्हणून त्या माळावर धावपट्टी काढली होती. कोणतं विमान येणार, कशाला येणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. माळाला लागून असलेल्या घोडकड्यावर खाण काढली, तिथं बाया दगड फोडायच्या, खडी खाली जायची. सांजच्याला खायला सुकडी मिळायची. त्रिंबक पाळण्यात असतानाच त्याचे वडील वारले होते. वत्सलाबाई दिवसभर कड्यावर दगड फोडायच्या आणि तो खाली घरात एकटा असायचा. काम सुटायच्या वेळी त्या कड्यावर कडुलिंबाचा ओला पाला जाळायच्या. ओल्या पाल्याचा धूर पांढराशुभ्र होतो, लांबून दिसतो. तो दिसला की त्रिंबकनं घागर घेऊन आडाकडे निघायचं. त्या धुराचा अर्थ दोघांत ठरलेला होता. मी इथं हाय, आता येते.

तो एकदा रेग्यांना हे सांगत होता. म्हणाला, "वारा नसला की आईचा धूर सरळ उभा राहायचा. वारा असला की कड्याला धरून आडवा पळायचा. मला त्यावरून कळायचं, आज आई कड्याच्या कुठल्या टोकाला आहे."

पुढे तालुक्यात साखर कारखाना झाला. त्याचे चेअरमन सुंदरराव. त्यांनी कारखान्याच्या खर्चानं त्रिंबकला वैमानिक होईपर्यंत शिकवलं. चेअरमन झालेल्या माणसाला आपल्या भागात विमान उतरावं असं वाटतंच. त्यांनी खटपट करून त्या माळावर विमान सुरू करवलं, आठवड्यातून एकदा.

*

तो दिवस.

त्या साली पुन्हा दुष्काळ होता. कारखान्याचं धुराडं थंड होतं, ऊसच नव्हता. गावात पाण्याचे टँकर येत होते आणि जनावरं छावणीत बांधलेली होती. पण सुंदररावांनी ठरवलं की त्रिंबक पहिल्यांदा गावच्या धावपट्टीवर उतरतोय, तर सत्कार व्हायलाच हवा. मंडप घातला. फेटे आणले. हार आणले. वीज नव्हती, ती तेव्हा दिवसाची नसायचीच. मग लाऊडस्पीकर कशावर लावायचा?

धावपट्टीवरच्या एका खोलीत वायरलेस होता. तो बंकट सांभाळायचा. विमान जवळ आलं की हवेचा दाब सांगायचं काम त्याचं. सुंदररावांचा माणूस येऊन म्हणाला, "बॅटरी दे बे थोडी. भाषण झालं की परत देतो."

बंकट म्हणाला, "इमान यायचं हाय."

"इमान यायच्या आधी भाषण उरकतं की. साहेब लई बोलत न्हाईत."

बंकटनं बॅटरी दिली. सुंदरराव बोलायला उभे राहिले.

वत्सलाबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. त्या बसल्याच नाहीत. त्यांची जाऊ छबुबाई त्यांना शोधत आली तर त्या लिंबाच्या डहाळ्या डोक्यावर घेऊन निघालेल्या.

"कुठं निघालीस गं उन्हाची?"

"कड्यावर. त्याला धूर दिसू दे."

"अगं, त्याच्या म्होरं इतकी यंत्रं हायती. तुझ्या धुरावाचून त्याला गाव घावंना व्हय?"

"गाव घावंल," वत्सलाबाई म्हणाल्या. "आई कुठं हाय ते यंत्राला कळतं का?"

हे मी तेव्हा ऐकलं नाही, मी आभाळात होतो. छबुबाई ते फळीपुढे बसून पुन्हा पुन्हा सांगतात, म्हणून मला पाठ आहे.

*

आभाळात.

धुळीचा पडदा होता. जमीन मधूनच दिसायची, मधूनच जायची. रेग्यांनी वायरलेसवर गावाला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही.

"परत हाक मारू का, सर?" त्रिंबकनं विचारलं.

"झोपला असेल. आपण सकाळचा आकडा लावलाय, तोच राहू दे. हवा काय पळून जाते?"

हवा पळूनच गेली होती. उन्हानं माळ तापला होता, मागून वावटळ येत होती, आणि हवा इतकी हलकी झाली होती की मला वाटत होतं, आपण आहोत त्यापेक्षा पुष्कळ वर आहोत. कारखान्याची दोन धुराडी एकावर एक उभी करावीत, एवढं वर. माझ्या घरात सकाळचा, दुसऱ्या गावचा आकडा होता. मी त्या आकड्याशी प्रामाणिक होतो.

त्रिंबकच्या समोर माझा जुळा भाऊ बसवलेला होता. त्याच्याही घरात तोच आकडा.

"सर, एक घिरटी घालून बघायची का? धूळ फार आहे."

"तुझा सत्कार आहे, बाबा. लोक उन्हात बसलेत. उतरू."

विमानाचं नाक खाली झालं. त्रिंबकनं मान वर करून समोरच्या मोठ्या काचेतून बघितलं. त्यानं काळा चष्मा घातला होता. त्या चष्म्यात मला पिवळी धूळ दिसली, आणि धुळीत एक पांढरी रेघ.

"सर, तो आईचा धूर आहे."

"आईचा? नाव लिहिलंय का त्याच्यावर?"

"ओल्या लिंबाचा आहे, सर. पांढरा. समोरच आहे. आडवा चाललाय, वर चढत नाही. म्हणजे तो कड्याला धरून..."

"त्रिंबक." रेग्यांचा आवाज चढला नव्हता. ते शिकवत असत तेव्हा असंच बोलायचे. "बाहेर धूळ आहे. धुळीत डोळे फसतात. आत बघ. तुझा काटा काय म्हणतो?"

त्रिंबकनं आकडा सांगितला.

"माझाही तेच म्हणतो. दोघं एकच सांगतात. कड्याच्या वर भरपूर जागा आहे आपल्याला. धुराला उंची नसते."

आम्ही दोघं भाऊ एकच सांगत होतो, कारण आम्हाला दोघांना एकाच माणसानं एकच आकडा शिकवला होता.

मी त्रिंबकच्या चष्म्याकडे बघत होतो. पांढरी रेघ आता रेघ राहिली नव्हती, पट्टा झाली होती. मग त्यानं मान खाली केली. चष्म्यातून धूर गेला आणि तिथं माझ्या भावाची तबकडी आली, तिचा काटा, तिचे आकडे, सगळं स्पष्ट.

"हो सर," तो म्हणाला.

आणि मी त्या वेळी दाखवत होतो की खाली अजून

*

विमान कड्याच्या खांद्याला धडकलं. शेपटीकडची काही माणसं वाचली. पुढचं कुणी वाचलं नाही.

वत्सलाबाई तिथून एका शेताच्या अंतरावर उभ्या होत्या. हातात लिंबाची डहाळी होती.

*

मी नाल्याच्या कोरड्या बांधात, तोंड मातीत रुतून पडलो होतो, तिथून चौकशीच्या माणसांनी मला शोधून काढलं. विमानाचे तुकडे ठेवायला जागा हवी होती. सोसायटीचं बियाण्याचं गोदाम दुष्काळामुळे रिकामं होतं, तिथं ठेवले. मी एका पोत्यावर, काच वर करून पडलो होतो. गोदामाच्या ओट्यावर गावातली माणसं बसायची. त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं.

"म्या सोता बघितलं," बंकट सांगायचा. "इमान नीट चाललं व्हतं. धूर दिसला आन् तिकडंच वळलं."

"कावून वळंल बे?" गोदामाचा राखणदार सुग्रीव विचारायचा. "इमान काय बैल हाय का, हिरवा पाला दिसला की वळाया?"

"आईचा धूर हाय म्हणल्यावर पोरगं वळणारच की."

"तू वायरलेसवर व्हतास का मांडवात?"

बंकट तिथून उठून जायचा. पण बोलणं उठत नाही, ते बसून राहतं. सुंदररावांनाही ते बरं वाटलं असावं, कारण त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही. पंधरवड्यात साऱ्या गावाला माहीत झालं की म्हातारीनं प्रेमापायी धूर केला आणि पोराला ओढून घेतलं. कुणी तिला तोंडावर बोललं नाही. बायका उलट जास्तच मायेनं वागायच्या. तेच वाईट होतं.

वत्सलाबाईंनी चूल पेटवणं सोडलं. छबुबाई भाकरी द्यायच्या, ती त्या गार झाल्यावर खायच्या. घरात काडी ओढली की उठून बाहेर जायच्या. देवापुढं उदबत्तीसुद्धा लावू देईनात. "माझ्या हातचा धूर चांगला न्हाई," एवढंच म्हणायच्या.

मित्रांनो, खरं काय ते गोदामात एका पोत्यावर पडलेलं होतं. माझ्या आकड्यांच्या घरात सकाळचा आकडा तसाच होता. कुणीही येऊन वाचावा. पण मला तोंड असूनही बोलता येत नाही.

*

एके दिवशी चौकशीचे साहेब वत्सलाबाईंना गोदामात घेऊन आले. सोबत छबुबाई होत्या. सुंदरराव येऊन खुर्चीत बसले. बंकटला बोलावून आणलं होतं, तो दाराजवळ उभा राहिला.

विमानात वैमानिकांचं बोलणं फितीवर उतरत असतं. ती फीत जळाली नव्हती. साहेब म्हणाले, "आई, तुमच्या मुलाचा आवाज आहे. ऐकवू का? नको असेल तर नाही ऐकवत."

"ऐकवा," वत्सलाबाई म्हणाल्या.

त्यांनी यंत्र सुरू केलं. आधी घरघर. मग रेग्यांचा आवाज, हवा काय पळून जाते. मग त्रिंबक.

*सर, तो आईचा धूर आहे.*

वत्सलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. फीत पुढे गेली. *हो सर* आलं, आणि साहेबांनी बटण दाबून ती थांबवली. पुढचं कुणाला ऐकू द्यायचं नव्हतं.

मग वत्सलाबाईंनी विचारलं, "त्यानं वळखला धूर?"

"ओळखला."

"त्याला कळलं व्हतं, म्होरं कडा हाय म्हणून?"

"कळलं होतं, आई. तुमच्या धुरावरूनच कळलं होतं. विमान वळलं नाही. वळलं असतं तर वाचलं असतं. ते सरळ आलं."

सुंदररावांनी खुर्चीत चुळबूळ केली. बंकट जमिनीकडे बघत होता.

"मंग तो हो कुणाला म्हणला?"

साहेबांनी मला पोत्यावरून उचललं आणि तिच्यासमोर धरलं. "याला," ते म्हणाले.

मित्रांनो, तिनं माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यभर माणसांचे चेहरे बघत आलो होतो. तसा चेहरा बघितला नव्हता. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती मला नीट बघत होती, जसं एखादं दुखणं कुठून आलं ते बघतात.

"हे खोटं बोललं?"

"नाही. याला जुना आकडा दिला होता. खालून नवा मिळाला नाही." साहेबांनी दाराकडे बघितलं नाही, पण बंकटनं मान आणखी खाली घातली. "बॅटरी दुसरीकडे होती, त्याचं मी लिहिणार आहे. पण आकडा नव्हता तरी समोर मोठी काच होती, आई. दोघांना दिसत होतं. एकानं तर बोलूनही दाखवलं. आणि मग दोघांनी माना खाली घातल्या."

"शाणी पोरं," वत्सलाबाई म्हणाल्या. "लई शिकलेली."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते कुणाला ऐकवेना.

*

दुसऱ्या दिवशी चूल पेटली, असं मला सांगता आलं असतं. पण ती पेटली नाही. धूर खरा होता हे कळलं म्हणून त्रिंबक थोडाच परत येणार होता? उलट एक नवीन दुखणं लागलं. आधी वाटायचं, मी त्याला बोलावलं. आता वाटायचं, मी त्याला सांगितलं आणि त्यानं ऐकलं नाही.

पुढच्या साली पाऊस झाला. गोदामात बियाणं ठेवायचं म्हणून विमानाचे उरलेले तुकडे भंगारात गेले. सुग्रीवनं मला फडक्यात गुंडाळून वत्सलाबाईंकडे आणलं.

"आक्का, ह्याला भंगारात टाकाया मन होईना. तुमी ठेवा, न्हाई तर आडात टाका."

त्यांनी मला फळीवर ठेवलं. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. पुन्हा तेच. समोर मातीची भिंत, तिच्यातला भुसा, आणि पावसाळ्यात चढणारी ओल. माझ्यावर धूळ बसली. कोळ्यानं माझ्या बटणाला जाळं बांधलं. त्या घरात ना आवाज होता ना धूर. हवा चढायची, उतरायची, माझा काटा वर व्हायचा, खाली यायचा, आणि ते बघायला कुणी नव्हतं. मला वाटतं ती शिक्षा नव्हती. तिला माझं तोंड बघवत नव्हतं, एवढंच.

एका सकाळी दारात कुणीतरी खोकललं.

"वैनी, मी बंकट."

तो उंबऱ्याच्या बाहेरच बसला असावा, आवाज खालून येत होता.

"धुराचं म्याच उठवलं व्हतं," तो म्हणाला. "बॅटरी म्या दिलती. मला भ्या वाटलं. साहेबानं लिहिलं, माझी नोकरी गेली, ते बरंच झालं. पण गावात अजून काई जण तसंच बोलत्यात. मी दारोदार जाऊन सांगतो की ते खोटं हाय. लोक म्हणत्यात, जाऊ दे आता, मेलेलं मढं कशाला उकरतो."

"तुमी काई तरी बोला," बंकट म्हणाला. "शिव्या द्या."

"काई खाल्लंस का सकाळपून?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"बस मंग."

मी त्यांचं उठणं ऐकलं. चुलीपाशी थांबणं ऐकलं. ते थांबणं लांबलं.

"छबुबाईकडून पेटता इस्तू आणू का?" बंकटनं विचारलं.

"नगं."

मग काडी ओढल्याचा आवाज आला. सरपण ओलं असावं, किंवा इतके दिवस थंड राहिलेली चूल लवकर घेत नसावी. घर धुरानं भरलं. भिंतीवर माझ्या समोरून धुराचा पदर सरकत वर गेला. बंकट रडत होता.

"धूर लई झाला," तो म्हणाला.

"व्हय," वत्सलाबाई म्हणाल्या. "धूर हाय."

भाकरीचा वास आला. त्या हात पुसत फळीपाशी आल्या, माझ्यावरचं जाळं पदरानं काढलं आणि मला फिरवून दाराकडे तोंड करून ठेवलं.

"ह्याला बी दिसू दे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हा मी पहिल्यांदा बाहेर बघितलं. दार होतं. दाराबाहेर अंगण होतं, गोठा होता, लिंब होता. त्यापलीकडे शेतं, आणि शेतांच्या मागे घोडकडा. काळा, उघडा, एका बाजूनं दगड काढून खरडलेला. मी ज्याच्या वर आहोत असं सांगत होतो तो.

तो एवढा उंच होता. कुणीही नुसतं बघून सांगितलं असतं.

*

आता मी तिथंच असतो. अंगणात खेळायला येणाऱ्या मुलांना एक गोष्ट कळली आहे. पावसाच्या आधी हवा हलकी होते तेव्हा माझा काटा वर चढतो. मग ती पळत येतात. "मोठ्याई, यंत्राला इचारा की, आज पाऊस हाय का?"

वत्सलाबाई लगबगीनं येतात आणि माझ्या काचेवर पालथा हात ठेवतात.

"आधी भाईर बघून या. आभाळ कसं हाय, मुंग्या काय करत्यात, वारं कुठलं हाय. ते मला सांगा. मंग ह्याला इचारू."

मुलं कुरकुरत बाहेर जातात. त्यांचे पाय अंगणात वाजेपर्यंत तो हात माझ्यावरून निघत नाही. त्या हाताखाली अंधार असतो, आणि तो मला आवडतो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची निगा राखा. काच पुसा, गंज लागू देऊ नका, रोज आमच्या घरात त्या दिवसाचा आणि त्या गावचा आकडा भरा. आम्ही कामाची वस्तू आहोत. ढगात आम्ही माणसं वाचवली आहेत. पण आम्हाला पाठीमागचं दिसत नाही. ते बघायला तुम्हाला पाठवलं आहे. तुमच्यातलं कुणी म्हणालं, समोर काहीतरी आहे, तर त्याला माझ्याकडे बोट दाखवून गप्प करू नका. मान वर करा.

बाहेर संध्याकाळ होत आली आहे. वत्सलाबाईंनी चूल पेटवली आहे. तिचा धूर दारातून बाहेर पडतो आणि अंगणावरून आडवा, लिंबाकडे चालला आहे. म्हणजे वारं सुटलंय. माझ्या काट्याला त्यातलं काहीच कळलेलं नाही.